माळकरी घरातलं मांजर

माळ घातलेल्या माणसाने मांजराला मांस घालावं का? सासूबाईंना हा प्रश्नच पडत नाही. त्यांच्या गावच्या घरी गळ्यात तुळशीची माळ होती आणि चुलीपाशी मांजरही होतं. “दूधभातावर वाढलीत आमची मांजरं,” त्या आजही सांगतात. मला वाटतं, ती वाढली कणगीमागच्या उंदरांवर, पडवीतल्या पालींवर आणि वळचणीच्या चिमण्यांवर. दूधभात वरकड होता. हिंसा त्याही घरात होत होती, फक्त घरच्यांच्या हातून होत नव्हती.

आम्ही पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो, खिडक्यांना जाळी आहे. आमच्या सोनीला उंदीर दिसायचाही नाही. जे ती स्वतः मिळवती, ते आता मला विकत आणावं लागतं.

मांजराने मांस खाणं ही नुसती आवड असती, तर तिला वळण लावता आलं असतं. पण तिचं शरीरच तसं आहे. टॉरिन नावाचं द्रव्य आपलं शरीर तयार करतं; मांजराला ते पुरेसं तयार करता येत नाही आणि धान्य-भाज्यांत ते जवळपास नसतंच. कमी पडलं की डोळ्याचा आतला पडदा झिजतो, हृदयाचा स्नायू सैल पडतो. १९८७ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यक संशोधकांनी दाखवून दिलं, की असं दुबळं झालेलं हृदय टॉरिन दिल्यावर सुधारू शकतं. गेलेली नजर मात्र परत येत नाही. गाजरातल्या कॅरोटीनपासून आपण अ जीवनसत्त्व करतो, मांजराला तेही साधत नाही. आणि ज्या दुधाला आपण सात्त्विक म्हणतो, ते बऱ्याच मोठ्या मांजरांना पचत नाही, जुलाब होतात.

महाभारताच्या वनपर्वात उशीनर राजाची कथा आहे. आपल्याकडे ती शिबी राजाची म्हणून जास्त ठाऊक आहे. ससाण्याला भिऊन कबुतर राजाच्या आश्रयाला येतं. ससाणा म्हणतो, माझा आहार तू हिरावून घेतलास तर मी मरेन, माझ्यामागे माझी बायकापोरं मरतील, हा कुठला धर्म? राजा त्याला बैल, रानडुक्कर, हरीण, रेडा देऊ करतो. पुढे स्वतःच्या अंगाचं मांस कापून तराजूत घालतो. ससाण्याने धान्य खावं, असं तो एकदाही सुचवत नाही. कबुतर वाचवण्याची किंमत तो भुकेल्या पक्ष्याकडून वसूल करत नाही, स्वतः भरतो.

मला या कथेतून वाट मिळाली. माळ मी घातली, समजून-उमजून घातली. सोनीने घातलेली नाही, तिला ती घालताही येणार नाही. तिला दूधभातावर ठेवून माझं व्रत निर्मळ राहील, पण त्याची भरपाई तिचे डोळे करतील. दुसऱ्याच्या देहावर फेडलेल्या व्रताला मी अहिंसा म्हणणार नाही.

टॉरिन कारखान्यातही बनतं आणि निव्वळ वनस्पतीजन्य मांजरखाद्यही मिळतं. ते मी नाकारत नाही. पण त्यात काही उणं राहिलं, तर नजर मंद होतेय हे सोनी मला सांगू शकणार नाही. माझ्या मनःशांतीसाठी हा प्रयोग तिच्यावर करायला मन धजत नाही.

म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने मुख्य आहार तयार, संतुलित मांजरखाद्याचा. नुसत्या कोंबडीत कॅल्शियम फार कमी, तेव्हा ती अधूनमधूनच, गॅलरीतल्या वेगळ्या शेगडीवर उकडलेली. हाडं काढून टाकते, कारण शिजलेलं हाड फुटून त्याची टोकं आतड्यात रुततात. मीठ नाही. कांदा-लसूण तर मुळीच नाही, त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. सुकट खारट, म्हणून तीही बंद.

एका कीर्तनकारबुवांनी मला समजावलं, “ताई, भूक तिची, तेव्हा पाप तुम्हाला लागत नाही.” त्यांचा हेतू चांगला होता, पण मला ते मान्य नाही. पाकीट घेतलं काय आणि ताजी कोंबडी घेतली काय, जीव जातो आणि पैसे मी मोजते. तो हिशेब माझ्याच नावावर राहू दे. सोनीची नसबंदी केली, त्यामागे हाही विचार होता: तिला पिल्लं झाली असती, तर त्यांच्या पोटासाठीही जीव गेले असते. सोसायटीतली बायकामंडळी तिला सोबत म्हणून दुसरं पिल्लू देऊ करतात. त्यांना मी नाही म्हणते.