दिवेलागणीचा पाठ

जालना जिल्ह्यात अंबडच्या बाजूला जुन्या घरांतून दिवेलागणीला करुणाष्टके म्हणायची रीत होती. काही घरांत ती अजून आहे. ज्यांनी करुणाष्टके रचली ते समर्थ रामदास याच मातीतले. १६०८ साली जांबला जन्मले. जांब पूर्वी अंबड तालुक्यात होते, आता घनसावंगीत मोडते.

मुले हातपाय धुऊन देवापुढे बसतात. तोंडाने करुणाष्टके चालू असतात आणि नाक स्वयंपाकघरातल्या फोडणीकडे. अर्थ कुणी सांगत नाही, मुलेही विचारत नाहीत. एवढ्याशा पोराला अनुताप कशाला ठाऊक असणार? तरी सगळे पाठ होते. चाल आधी येते, अर्थ सवडीने येतो. कधी कधी वीस-तीस वर्षांनी येतो.

पुढे केव्हातरी दिवस फिरतात. घरातले कुणी अंथरूण धरते. पाऊस दडी मारतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. वर्षानुवर्षे जपलेल्या झाडांचे सरपण झाले. अशा वेळी माणसे भेटायला येतात. ‘होईल सगळं नीट’ म्हणतात. त्यांचे काही चुकत नाही, पण ते बोलणे उंबऱ्यातच राहते. करुणाष्टकांत असले आश्वासन फारसे नाही. तिथे तळमळ आहे, स्वतःवरचा राग आहे, थकवा आहे आणि हाक आहे. दुःखी माणसाला त्यात आपलेच बोलणे ऐकू येते. फक्त ते आपल्याहून नीट लावलेले असते.

आणि ते लावलेले कसे असते, हेही पाहण्यासारखे आहे. सगळ्यांत ओळखीचे करुणाष्टक मालिनी वृत्तात आहे. ओळीला पंधरा अक्षरे. पहिली सहा लघु, ती भरभर जातात. मग दोन गुरू येतात आणि आठव्या अक्षरावर यती. तिथे थांबायचे. उरलेली सात बहुतेक दीर्घ, रेंगाळत जाणारी. घाबरलेल्या माणसाचा श्वास आखूड झालेला असतो. ‘शांत हो’ म्हटल्याने तो लांबत नाही. ओळ म्हणायला घेतली की मात्र तिच्या मापाने चालू लागतो. दवाखान्याच्या बाकावर बसून ओठ हलवणाऱ्या बाईला मालिनीचे नाव माहीत नसते. कुठे थांबायचे ते माहीत असते.

ना पेटी लागते, ना तबला. गळाही कसा का असेना, चालतो. संगीताच्या जाणकारांनी याला गाणे म्हणावे की नाही, त्यांचे ते ठरवोत.

आवाजाची एक गोष्ट खुद्द रामदासांच्या घरची आहे. ते बाराव्या वर्षी बोहल्यावरून निघून गेले, असे परंपरा सांगते. बारा वर्षे नाशिकजवळ टाकळीला तप, पुढची बारा वर्षे देशभर भ्रमंती. या चोवीस वर्षांतच, १६३० च्या सुमारास, दख्खनवर भयंकर दुष्काळ कोसळला. घरी आई रडून रडून आंधळी झाली होती. चोवीस वर्षांनी ते जांबला परतले, तेव्हा दारात कुणी गोसावी भिक्षेला आलाय, असे वाटून तिने सुनेला भिक्षा वाढायला सांगितले. तो बोलला आणि तिने आवाज ओळखला. पुढे तिला दृष्टी आली, हा चमत्कार भाविक आवर्जून सांगतात. मला त्याआधीचा क्षण मोठा वाटतो. घरातून गेला तो बारा वर्षांचा पोर. दारात उभा होता तो छत्तिशीतला बैरागी. आवाज फुटला होता, उन्हातान्हात रापला होता. तरी तिला तो ओळखू आला.

शब्द धीर देतात की चाल देते, यावर आपण बोलत राहतो. ज्याला करुणाष्टके पाठ आहेत त्याला एकदा विचारून पाहावे, की ती मनात कुणाच्या आवाजात उमटतात. रामदासांचा आवाज आपल्यापैकी कुणी ऐकलेला नाही. बहुतेक जण आजीचे नाव घेतील. एखादा चुलत्याचे घेईल, जो शेवटचे कडवे हमखास विसरायचा.