घडी मोडली

माण तालुक्यातलं एक गाव. पाऊस बेताचा, थंडी मात्र मनापासून पडते. गावात आक्कांचं जुनं माळवदाचं घर, आणि माजघरामागच्या अंधाऱ्या खोलीत तीन लोखंडी ट्रंका व पाच गाठोडी. सगळ्यांत कापड भरलेलं. लुगडी, धोतरं, खण, मुलांचे शाळेचे सदरे, लग्नाकार्यात आहेर म्हणून आलेल्या आणि कुणीच न नेसलेल्या साड्या, शिंप्याकडून मागून आणलेल्या चिंध्या. गावात कुणाच्या घरी जुनेर निघालं की आक्का हात पुढे करायच्या. "टाकू नगंस, दे हिकडं. गोधडीला हुईल."

गोधडी काही व्हायची नाही. थोरला नातू झाला तेव्हा त्या म्हणाल्या, चांगलं कापड बाहेर काढायचं तर फुरसतीनं काढू, सध्या आपलं बाजारातलं ब्लँकेट आणा. नात झाली तेव्हा सुगी चालू होती. धाकट्या नातवाच्या वेळी त्यांना वाटलं, आणखी दोन-चार चांगली लुगडी जमली की एकदमच शिवायला बसू. घरात माणसं झोपायची ती फुलाफुलांच्या बाजारी ब्लँकेटांत. ती ब्लँकेटं पहिल्या वर्षी ऊब देत आणि दुसऱ्या वर्षी नुसतं अंग टोचत. भिंतीपलीकडे मात्र साऱ्या घराला दोनदा पांघरूण पुरेल एवढं सुती कापड अंधारात पडून होतं.

आक्कांना कुणी चिकट म्हणालं तर मला ते पटणार नाही. 1972 च्या दुष्काळात त्या नव्या सूनबाई होत्या. खडी फोडायच्या कामावर जायच्या. अंगावर एकच लुगडं. ओढ्याच्या खड्ड्यातल्या पाण्यात अर्धं धुवायचं, अर्धं नेसून उभं राहायचं, वाळलेलं नेसून मग उरलेलं धुवायचं. त्या वर्षी फाटलेल्याला ठिगळ लावायलाही चिंधी मिळत नव्हती. असं वर्ष पाहिलेल्या बाईला कापडाचा तुकडा टाकवत नाही, आणि तो वापरून संपवायचीही भीती वाटते. पुढे बरे दिवस आले तरी ती भीती गेली नाही. ती ट्रंकेत जाऊन बसली.

सगळ्यात खालच्या ट्रंकेत मांजरपाटाचा एक तागा होता. आक्कांचे मालक परळच्या एका कापडगिरणीत साचेवाले होते. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, मुंबईतले सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. काही महिने वाट पाहून बहुतेकांनी गाव गाठलं, तसे तेही आले. त्यांना परत बोलावणं आलंच नाही. येताना ट्रंकेत त्यांनी हा पंधरा वार मांजरपाट आणला होता. कधीतरी गिरणीच्या दुकानातून कामगारांच्या सवलतीत घेतलेला. "आमच्याच खात्यातला हाय," असं ते आल्या-गेल्याला सांगत. पुढे ते गेले. आक्कांनी तो तागा धुतला नाही, उन्हात घातला नाही, त्याची घडीसुद्धा मोडली नाही. ट्रंक उघडली की खळीचा आणि यंत्राच्या तेलाचा वास यायचा. तो वास जाऊ नये एवढीच त्यांची इच्छा होती.

आणखी एक चीज होती. सासूबाईंचं इरकली लुगडं, लाल टोपपदराचं. सासूबाई गेल्यावर ते आक्कांकडे राहिलं. धाकट्या जावेनं एकदा मागितलं होतं. आक्का म्हणाल्या, "आत्याबाईंची आठवण हाय, राहू दे माझ्यापाशी." त्यानंतर दोघी जावा सणावाराला एकमेकींकडे गेल्या, हळदीकुंकू झालं, वाण झालं, पण पहिल्यासारखं बोलणं कधी झालं नाही. नेसलं दोघींपैकी कुणीच नाही.

एका वर्षी परतीचा पाऊस दसऱ्यापर्यंत रेंगाळला आणि माळवद गळलं. नेमकं अंधाऱ्या खोलीवरच. त्याच सुमाराला नात बाळंतपणासाठी माहेरी आली होती. पौषात दिवस भरायचे होते, म्हणजे ऐन थंडीत. मुलानं ट्रंका अंगणात आणून ठेवल्या आणि आक्का काही म्हणायच्या आत कड्या काढल्या. सून म्हणाली, "आत्या, आता एक तर वाळवून परत भरायचं, नाहीतर शिवायचं."

दिवाळी झाली की गोधड्या शिवणाऱ्या बाया गावोगाव फिरतात. त्यातल्या एका मावशींना सुनेनं बोलावून घेतलं. बरोबर एक पिशवी. पिशवीत जाड सुया, दोऱ्याची रिळं, एक कात्री. मावशींनी अंगणातला तो डोंगर पाहिला आणि आधी शिवायचं नावच काढलं नाही. खाली बसल्या आणि निवडायला लागल्या.

त्यांचं निवडणं पाहण्यासारखं होतं. आक्कांची गाठोडी माणसांप्रमाणे बांधलेली होती. हे आईचं, हे नणंदेच्या लग्नातलं, हे पोराच्या पहिल्या शाळेचं. मावशी कुणाचं ते विचारतच नव्हत्या. कापड उजेडासमोर धरायचं. सूत कुठं विरळ झालंय ते दिसतं. मग दोन्ही हातांच्या चिमटीत धरून दोन अंगठ्यांनी ताणायचं, आधी उभं, मग आडवं. टिकलं तर एका बाजूला, कुरकुरलं तर दुसऱ्या. नायलॉनचं अन् टेरिलिनचं जे निघालं ते त्यांनी सरळ बाजूला सारलं. "ह्ये सुताबरं शिवू नगा. धुतल्यावर सूत आटतं, ह्ये आटत न्हाई. गोधडीला चुण्या पडत्यात." त्याची पायपुसणी करा म्हणाल्या. शर्टाच्या कॉलरी, पट्ट्या, बटणं, जाड शिवणी सगळं कापून काढलं. जाड शिवणीवर सुई अडते आणि झोपणाऱ्याच्या पाठीत ती रुतते.

आक्का ओसरीवरून पाहत होत्या. प्रत्येक कापडागणिक त्यांचा जीव खालीवर होत होता. एक जुनं धोतर मावशींनी उचललं. मालकांचं, संपानंतर शेतात नेसायचं, शेकडो वेळा धुतलेलं, जागोजागी विरलेलं. आक्कांना वाटलं, हे आता चिंध्यांत जाणार. मावशींनी ते गालाला लावून पाहिलं आणि वेगळं ठेवलं. "ह्ये बाळाचं. कोरं कापड कवळ्या कातडीला टोचतं बघा. दुपट्याला ह्याच्याइतकं मऊ बाजारात मिळायचं न्हाई."

मग मांजरपाट आला.

आक्का खाली उतरून आल्या. "त्येला हात लावू नका. त्यो कोरा हाय. घडीसुद्धा मोडल्याली न्हाई." मावशींनी हात आखडता घेतला. "मग तुमीच मोडा," असं म्हणून तागा आक्कांच्या मांडीवर दिला.

आक्कांनी वरचा पदर उचलला आणि तो घडीच्या रेषेवर पापडासारखा तुटला. दुसरा उचलला, तोही तिथेच गेला. पंधरा वार कापड त्यांच्या मांडीवर हातभर लांबीच्या तुकड्यांत सुटं होत गेलं. घड्यांच्या कडेनं बारीक कुरतडल्याच्या खुणा होत्या, आणि एक चंदेरी कसर तुरुतुरु पळत ट्रंकेच्या पत्र्याखाली गेली. आक्का बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एवढंच म्हणाल्या, "धोतर रोज वापरलं, ते टिकलं. ह्याला तर म्या वारा लागू दिला न्हाई."

मावशींनी सांगितलं ते कापडाच्या धंद्यातल्या कुणालाही ठाऊक असतं. गिरणीतून निघालेल्या कोऱ्या कापडात खळ असते. विणताना ताणा तुटू नये म्हणून सुताला ती लावलेली असते. ती धुऊन काढली नाही तर तिच्यावर कसर येते. तिला कापडाची गोडी कमी, खळीची जास्त. त्यात घडी वर्षानुवर्षं एकाच जागी दबली की सूत तिथेच मोडतं. म्हणून ठेवायचं कापड धुऊन, खळ काढून, खडखडीत वाळवून ठेवावं, वर्षातून एकदा उन्हात घालावं आणि परत घालताना घडीची जागा बदलावी. "वास जाईल म्हणून धुतला न्हाई," आक्का म्हणाल्या. मावशी त्यावर काही बोलल्या नाहीत. तुकडे एकावर एक लावत राहिल्या.

टाकायचं काहीच नव्हतं, हे आक्कांना तेव्हा कळलं. घड्यांच्या मधला भाग अजून धड होता. कुजलेल्या कडा काढल्या की हातभर चौकोन उरत होते. मावशी ते धुऊन आतल्या थराला लावणार होत्या. आक्का म्हणाल्या, "आत? म्हंजी दिसणार न्हाई?" मावशींनी गोधडीचा सगळा हिशोब त्यांना तिथेच मांडून दाखवला. अंगणात एक लुगडं पसरलं, कोपऱ्यांवर दगड ठेवले. हा खालचा थर, धड पाहिजे. त्यावर विरलेलं अंथरलं. एका थराचं भोक दुसऱ्याच्या धड भागावर येईल असं सरकवून सरकवून. "भोकावर भोक आलं की तितनं थंडी शिरती. येकाचं फाटल्यालं दुसऱ्यानं झाकायचं." वर पुन्हा मजबूत कापड, कारण घासतं तेच. मोठ्या गोधडीला अशी चार-पाच लुगडी सहज जातात. ऊब आतल्या थरांची असते. वरच्याचं काम त्यांना सांभाळायचं.

आक्कांनी मान डोलावली. मग आत जाऊन इरकली लुगडं आणलं.

त्याचं सूत चांगलं होतं, पण रेशमी टोपपदर दोन ठिकाणी उभा चिरला होता. मावशींनी ताणून पाहिलं आणि म्हणाल्या, "अंगाचं सूत वर लागंल. दोन गोधड्यांच्या वर पुरतं. पदर जपून घेतला तर उशाच्या बाजूला बसवता येईल, एकाच गोधडीला. कुणाच्या बसवू?"

सून आक्कांकडे पाहायला लागली. आक्का म्हणाल्या, "धाकलीच्या. त्या गोधडीच्या पोटात ह्यो मांजरपाटबी घाला. ती नवी आली तवा तिला पैल्यांदा मुंबई यांनीच दाखवली हुती."

मग शिवण सुरू झालं. मी गोधडी शिवताना बायांना पाहिलं आहे, आणि त्यातली मेहनत दुकानात रजई घेणाऱ्याला कळत नाही असं मला नेहमी वाटतं. बाई गोधडीवरच बसते. कडेपासून सुरुवात करायची, धावदोरा घालत चारी बाजूंनी फिरत फिरत मध्यापर्यंत यायचं. डावा हात खालून थर चाचपत राहतो, चुणी आली की मागं सारतो. पाच-सहा थरांतून सुई काढताना बोटाची चाळण होते, म्हणून बोटाला चिंधी बांधतात. टाके सगळे सारखे नसतात. दुपारचे बारीक, संध्याकाळचे लांब. शिवणारीचा दिवस कसा गेला ते गोधडीवर वाचता येतं. आक्काही दुसऱ्या दिवसापासून सुई घेऊन बसल्या. नातीला वाकवत नव्हतं, तिच्याकडे दोरा ओवून द्यायचं काम. दुपारी चहाला शेजारणी यायच्या त्या चार टाके घालूनच उठायच्या.

गाठोडी एकेक करून सुटली. घरातल्या प्रत्येकाला एक गोधडी झाली. मालकांच्या धोतराची बाळाला दुपटी झाली. लुगड्यांचे काठ कापून ठेवले होते, त्यांची किनार गोधड्यांना चारी बाजूंनी लागली. गावाबाहेर ऊसतोडीच्या टोळ्या चार दिवस मुक्कामाला थांबल्या होत्या. पुढे कारखान्याकडे जायच्या. त्यांच्यातल्या दोन लेकुरवाळ्या बायांना आक्कांनी स्वतः बोलावून गोधड्या दिल्या. सून म्हणाली, "आत्या, त्या वर तुमच्या आईचं पातळ हाय." आक्का म्हणाल्या, "ठाव हाय. कोपीत लई गार लागतं."

उरलेल्या कापडाला त्यांनी एक ट्रंक ठेवली, एकच. धुतलेलं, उन्हात तापवलेलं, मध्ये कडुलिंबाचा पाला. ती भरली की मावशींना बोलावणं धाडायचं, त्याआधी आत एकही तुकडा जास्तीचा घालायचा नाही असं सुनेला बजावलं. बाकीच्या दोन ट्रंका मुलानं बी-बियाण्याला घेतल्या.

धाकट्या जावेकडे गोधडी घेऊन आक्का स्वतः गेल्या. जाऊबाईंनी ती उलगडली, उशाकडचा लाल पदर पाहिला, त्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "कापला व्हय? मी आसती तर कापू दिला नसता."

"म्हणूनच तर इतकी वर्सं कुजला," आक्का म्हणाल्या. "तुझ्यापाशी काय पडलंय, ते दाव मला."

जाऊबाई आधी काहीच नाही म्हणाल्या. मग मुलाला हाक मारून त्यांनी पलंगाखालचं एक गाठोडं ओढायला लावलं, मग दुसरं. "ह्यात आईचं लुगडं हाय माझ्या. त्याला कुणी हात लावायचा न्हाई."

दोन्ही गाठोडी आक्कांच्या अंगणात आली. मावशी पिशवी आवरून निघायच्या तयारीत होत्या, त्या पुन्हा खाली बसल्या. आक्कांनी जावेच्या आईचं लुगडं उजेडासमोर धरलं, दोन अंगठ्यांनी उभं ताणलं, आडवं ताणलं. "अजून धड हाय," त्या म्हणाल्या, "पर आज उद्याच," आणि सुनेला दुकानात पिटाळलं, दोऱ्याची आणखी सहा रिळं आणायला.