दुसऱ्याच्या बोलण्यास कात्री लावावी काय?

एखादा मनुष्य खोटे बोलला असे आपण केव्हा म्हणतो? जे घडले नाही ते घडले असे त्याने सांगितले म्हणजे, असे उत्तर बहुतेक जण देतील, आणि ते चुकीचे नाही. परंतु ज्याने पदरचा एकही शब्द घातला नाही, दुसऱ्याच्या बोलण्यातील काही शब्द मात्र वगळले, त्यास काय म्हणावे? हा प्रश्न पूर्वी छापखानेवाल्यांपुढे व वकिलांपुढे असे. आता तो आपणा खेड्यातील लोकांच्या दारी आला आहे. ज्याच्या खिशात फोन आहे त्याच्यापाशी ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे, आणि ज्याच्या घरी मुलांच्या शिक्षणाकरिता घेतलेला एखादा जुना संगणक आहे त्यास त्या मुद्रणाची काटछाट करण्याचे साधन एक पैही न देता मिळते. वृद्धांच्या आठवणी, लग्नातील भाषणे, उपदेश, ग्रामसभेतील वाद, अशी किती मुद्रणे हल्ली साफसूफ करून या फोनवरून त्या फोनवर पाठविली जातात, हे वाचकांस मी सांगावयास नको.

ह्या साधनांपैकी ऑडॅसिटी नावाचे एक साधन मी वापरतो, म्हणून त्याविषयीच लिहितो. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी व रॉजर डॅननबर्ग ह्या दोघांनी १९९९ साली त्याचा आरंभ केला आणि २००० साली ते लोकांस खुले झाले. २०२१ पासून ते म्यूज ग्रुप ह्या मंडळींच्या हाती आहे. तथापि अद्याप ते विनामूल्य मिळते. त्यात आवाज पडद्यावर लहरींच्या रूपाने दिसतो. बोलणारा जोराने बोलला तेथे लहर उंच, हळू बोलला तेथे ठेंगणी, आणि गप्प राहिला तेथे जवळजवळ सरळ रेघ. नको तो भाग माउसने ओढून निवडावा, डिलीटची कळ दाबावी, की तो नाहीसा होऊन दोन्हीकडची टोके आपोआप जुळतात. चुकले तर कंट्रोल व झेड ह्या कळा एकदम दाबाव्या, म्हणजे गेलेले परत येते. जोड देताना लहर मधल्या रेघेस जेथे ओलांडते तेथेच कापावे, नाहीतर कानास टक् असा आवाज येतो. आणि दोन वाक्यांमधील श्वास सगळेच काढू नयेत. बोलणाऱ्याचे श्वास काढले म्हणजे ऐकणाऱ्यासच धाप लागते. एवढे ज्यास आले त्यास हे काम आले असे समजावे. आमच्या शेजारच्या सातवीतल्या मुलाने ते एका संध्याकाळी शिकून घेतले. मला मात्र तीन आठवडे लागले.

हे काम पूर्वी इतके सोपे नव्हते. चुंबकीय फीत निघाली तेव्हा फीत ब्लेडने तिरकी कापून दोन टोके चिकटपट्टीने जोडावी लागत, आणि कापलेला तुकडा टेबलावर समोर पडलेला असे. आपण काय काढले हे कापणारास निदान दिसत तरी होते. आता तुकडाही दिसत नाही आणि जोडही ऐकू येत नाही. छापील मजकुरात कोणाचे वाक्य अर्धेच घेतले तर आपण तेथे तीन टिंबे देतो. वाचणाऱ्यास कळते की मध्ये काही होते. आवाजात टिंबे देण्याची अशी सोय नाही. ह्या प्रश्नाचे मूळ माझ्या मते येथेच आहे. कापणे ही गोष्ट जुनीच, परंतु कापल्याची खूण न राहणे ही नवी.

आता माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. आमच्या अहमदनगर जिल्ह्यात, ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात, १९७२ चा दुष्काळ ज्यांनी भोगला अशी माणसे थोडीच उरली आहेत. त्यांपैकी एका आजीबाईंचे बोलणे मी त्यांच्या ओसरीवर बसून फोनमध्ये घेतले. सरकारी कामावर खडी फोडणे, तेथे मिळणारी सुकडी, परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकर, हे सर्व त्यांनी सांगितले. मग म्हणाल्या, "लोक पोरं म्हाताऱ्यांपाशी ठिवून मुंबईला गेले. मी लेकराला टाकून गेले नाय. खडी फोडायची अन् त्याला पाटीत निजवायची." पस्तीस मिनिटांचे बोलणे होते. मंडळीत ऐकविण्याकरिता ते आटोपशीर करावे म्हणून मी घरी येऊन संगणकापुढे बसलो.

ऑडॅसिटीत मौन आखडण्याची एक युक्ती आहे, तिला ट्रंकेट सायलेन्स म्हणतात. किती हळू आवाजास मौन समजावे, ते किती वेळ टिकले म्हणजे आखडावे, आणि किती शिल्लक ठेवावे, एवढे तिला सांगितले की सगळ्या मुद्रणातील गप्प जागा ती एका झटक्यात आवळते. मी घाईत होतो. हळू आवाजाची मर्यादा फार वर ठेवली आणि शिल्लक अगदी नावाला राखली. पस्तीस मिनिटांची सत्तावीस झाली, ह्याचा मला आनंद वाटला. पुन्हा सबंध ऐकून न पाहता मी ती फाइल आजीबाईंच्या मुलास पाठविली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच आले. पन्नाशी उलटलेला गृहस्थ, आणि पाटीत निजत होते ते हेच. पायरीवर उभे राहूनच त्यांनी विचारले, "पाळकसाहेब, आई मला टाकून गेली होती का?"

मी मूळ मुद्रण काढून लावले. "गेले" नंतर किंचित थांबून, सुस्काऱ्यासारखा, "नाय" होता. यंत्राने तो मौनात धरून आखडून टाकला होता.

ह्यावर मी पुष्कळ विचार केला, आणि जे ध्यानात आले ते आपल्या भाषेपुरते तरी महत्त्वाचे आहे. इंग्रजीत नकार बहुधा क्रियापदाच्या अगोदरच येऊन जातो. मराठीत तो वाक्याच्या शेपटीस असतो, आणि आपली माणसे, विशेषेकरून वृद्ध, वाक्याच्या शेवटी आवाज खाली नेतात. सबब जो शब्द सगळ्या वाक्याचा अर्थ फिरवितो तोच नेमका सर्वांत हळू उच्चारला जातो. नकारच नव्हे, "म्हणे" हा शब्द घ्या. "सावकारानं धान्य लपवलं होतं म्हणे," ह्यातील शेवटचा शब्द गेला की ऐकीव गोष्टीची साक्ष होते आणि एखाद्या घराण्याच्या नावास डाग लागतो. प्रश्नातील "का" गेला की शंकेचे विधान होते. तेव्हा जे बंधू हे काम करतात त्यांस माझे सांगणे आहे की यंत्राच्या भरवशावर सगळ्या मुद्रणावर एकदम कात्री चालवू नका, आणि चालविलीच तर प्रत्येक वाक्याची शेपटी मूळ मुद्रणाशी ताडून ऐका. पंखा, मोटारसायकल किंवा पिठाची गिरणी ह्यांचा आवाज काढण्याची जी युक्ती आहे तिचीही तीच गोष्ट. जेथे केवळ घरघर आहे व बोलणे नाही असा सेकंदभराचा तुकडा आधी तिला दाखवावा लागतो, मग ती तशी घरघर सगळीकडून काढते. बेताने वापरली तर उत्तम. अधिक जोर दिला म्हणजे माणूस विहिरीत बसून बोलत आहे असे वाटू लागते, आणि हळू उच्चारलेले शब्द धुवून जातात.

परंतु माझी चूक एवढीच नव्हती. "नाय" गेला तो अनवधानाने. दुसरी गोष्ट मी जाणूनबुजून केली होती. मी विचारले होते, "त्या साली घरातलं कोणी गेलं का?" आजीबाई गप्प राहिल्या. मागून मी मोजले, नऊ सेकंद. कोंबडीची कुरकुर तेवढी ऐकू येते. मग त्या म्हणाल्या, "धाकटी." माझ्या आखडलेल्या प्रतीत प्रश्नाच्या पाठोपाठ ते उत्तर येत होते, जणू रेशनच्या दुकानात कोणी कार्डावरची नावे वाचून दाखवीत आहे. त्यांतला शब्द खरा, आवाज खरा, एकही अक्षर इकडचे तिकडे नाही. आणि तरी ते बोलणे त्यांचे नव्हते. वगळणाऱ्याने शब्द वगळला नाही म्हणजे तो निर्दोष, हे माझे जुने मत त्या नऊ सेकंदांनी खोटे पाडले. मग सगळे मौन राखावे काय? तेही नाही. त्याच मुद्रणात आजीबाई तंबाखूची चंची शोधीत आहेत तेव्हाचे जवळजवळ मिनिटभराचे मौन आहे, आणि ते काढल्याने कोणाचे काही गेले नाही. यंत्रास दोन्ही ठिकाणी सारखीच सरळ रेघ दिसते. चंचीचे मौन कोणते आणि धाकटीचे कोणते, हे कानास व काळजास ठरवावे लागते.

माझे एक सहकारी ह्यावर मला म्हणाले की एवढा सूक्ष्म विचार कराल तर मुद्रण कोणी ऐकणारच नाही. लोकांस दहा मिनिटांपुढे दम नाही. जे ऐकले गेले नाही ते खरे असून काय उपयोग? हा आक्षेप मी हलका मानीत नाही. शिवाय मनुष्य कापल्यावाचून राहूच शकत नाही. फोन कोठे ठेवला, केव्हा सुरू केला, कोणता प्रश्न विचारला नाही, ही सगळी काटछाटच आहे, आणि "मी काही कापले नाही" असे म्हणणाराही फसवीत असतो. तेव्हा कात्री लावावी काय, ह्यास माझे उत्तर "लावावी" असेच आहे. मात्र ज्याचे बोलणे कापले त्यास कापलेली प्रत ऐकवून तो "हे माझे" म्हणतो की नाही ते पाहावे. जो हयात नाही त्याच्या बोलण्यास दुप्पट भिऊन हात लावावा. आणि एका प्रश्नाचे उत्तर उचलून दुसऱ्या प्रश्नाखाली कधीही जोडू नये. निवडणुकीच्या दिवसांत असली मुद्रणे फोनवर फिरतात, त्यांतला शब्द न् शब्द खरा असतो आणि सगळे मिळून लबाडी असते.

ज्यावाचून मी त्या सकाळी त्या गृहस्थास काहीच दाखवू शकलो नसतो ती गोष्ट म्हणजे मूळ फाइल. ऑडॅसिटी तिला हात लावीत नाही, आपल्या प्रोजेक्टात तिची नक्कल करून घेते; परंतु तयार झालेली प्रत त्याच नावाने त्याच जागी बाहेर काढली तर मूळ पुसले जाते, आणि प्रोजेक्ट एकदा बंद केला की कंट्रोल-झेडचा उपायही चालत नाही. म्हणून नवी प्रत नव्या नावाने ठेवावी आणि मूळ दुसऱ्या एखाद्या डिस्कवरही ठेवून द्यावे.

स्वतःच्या बोलण्याविषयी मी इतका कडक नाही, हे कबूल करितो. माझ्या एका उपदेशात "म्हणजे" हा शब्द एकतीस वेळा आला होता. मी सव्वीस काढले. पुढे एक बहीण मला म्हणाल्या, "फोनवर तुमी लई चांगलं बोलता." त्यांस काय उत्तर द्यावे हे मला अजून सुचलेले नाही.

आजीबाईंचे मुद्रण मी दुसऱ्याने केले, ते चौदा मिनिटांचे झाले, आणि प्रथम त्यांच्याच ओसरीवर त्यांस ऐकविले. "नाय" आल्यावर त्या हसून म्हणाल्या, "तुमच्या यंत्राला ऐकायला कमी येतंय का, बाबा?" पुढे मंडळीत लावले तेव्हा त्या पुढेच बसल्या होत्या. माझा प्रश्न झाला आणि नऊ सेकंद सुरू झाले. चौथ्या-पाचव्या सेकंदास एक तरुण फोन बंद पडला की काय ते पाहण्याकरिता उठला. आजीबाईंनी मागे न पाहता हात वर केला, आणि तो खाली बसला.