धारूरच्या तळ्याकाठी

नांदूरघाटहून केज, केजहून धारूर. मनानंच निघायचंय, तेव्हा गाडी चुकायची भीती नाही. तूर, कापूस, मोकळी माळरानं सावकाश मागं पडू द्या. बालाघाटाचा डोंगर उघडा आहे, तो तसाच पाहा. सीताफळाची झुडपं तेवढी दगडाला धरून आहेत.

किल्ल्याच्या दाराशी आलात की लगेच आत शिरू नका. तीन बाजूंना दरी, गावाकडं खंदक. तटाच्या दगडावर तळहात ठेवा. दगड तापलेला असेल. हात तसाच राहू द्या. १५६७ च्या सुमारास किश्वरखान या आदिलशाही सरदारानं हा किल्ला बांधला. पुढं तो निजामशाहीकडं गेला, मग मुघलांकडं. मुघलांच्या काळातलं याचं नाव फतेहाबाद. फतेह म्हणजे विजय. ते नाव एकदा सावकाश उच्चारा. मग धारूर म्हणा. कोणतं नाव जिभेवर सहज बसतं?

आता आत चला. पडक्या भिंतींपाशी रेंगाळायला हरकत नाही, पण माझे पाय दर वेळी पाण्याकडं वळतात. गोडी दिंडी, खारी दिंडी. तळ्यांना ही नावं देणाऱ्यानं पाणी चाखलेलं होतं. मला ती फतेहाबादपेक्षा मोठी वाटतात. काठावर बसा. श्वास आपोआप संथ होईपर्यंत काहीच करू नका.

डोळे मिटा. १६३१ चा जानेवारी. आदल्या पावसाळ्यानं दगा दिलेला. अख्ख्या दख्खनेत दुष्काळ. देहूला तुकोबांच्या घरातलीही माणसं याच काळात गेली. अशात आजमखानाची मुघल फौज धारूरला भिडली आणि किल्ला पडला. तिथून ती परांड्याला गेली, वेढा घातला; पण जनावरांना चारा मिळेना, तेव्हा वेढा उठवून मागं फिरली. इथं जरा थांबा. तोफांनी न हटलेली फौज गवतावाचून हटली. बैल दावणीला उपाशी पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

शहाजहान तेव्हा बुऱ्हाणपुरात होता. त्याच साली जूनमध्ये तिथंच मुमताजमहल बाळंतपणात गेली. तिच्यासाठी यमुनेकाठी संगमरवर चढला. बादशहाच्या दुःखाला मी खोटं म्हणणार नाही. माणूस गेल्यावर रिकामं होणारं घर सगळ्यांचं सारखंच. धारूरच्या विजयाचं चित्रही निघालं, पादशाहनाम्यात, म्हणजे शहाजहानच्या दरबारी इतिहासात. त्या ग्रंथाची शाही प्रत आज इंग्लंडात, विंडसरच्या राजवाड्यात आहे. आपल्या या डोंगरावरचा किल्ला तिथं सोन्यारंगात जपलेला आहे.

त्या साली याच मुलखात पाण्याला निघालेली एखादी बाई मात्र कुठल्या पानावर नाही. ती तुम्ही मनात आणा. घाई करू नका. घागर डोक्यावर आहे की कमरेवर? लेकरू कुणापाशी ठेवलंय? वाटेवरची धूळ तिच्या पावलांना कुठवर लागली आहे? चेहरा दिसेना, तर आपल्या गावातला उसना घ्या. दसरा झाला की नवरा-बायको मिळून एक कोयता होतो, मुकादमाची उचल घेतलेली असते, बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढतं आणि ऊसतोडीच्या फडाकडं निघतं. मागं घराला कुलूप, नाहीतर ओसरीवर म्हातारी. अशाच एखादीचा चेहरा त्या बाईला द्या.

आता ती तळ्यापाशी आली आहे. पाणी खाली गेलंय, पायऱ्या उघड्या पडल्यात. ती वाकते. घागरीच्या तोंडाशी पाणी गुडगुडतं, तो आवाज ऐका. घागर भरेपर्यंत उठू नका.