दोन वर्षं की सत्तर?

नव्या वर्षाला ज्यांच्या घरी वचनांचं कॅलेंडर येतं, त्यांना यिर्मयाच्या 29व्या अध्यायातलं 11वं वचन बहुतेक तोंडपाठ असतं. देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत, आपल्याला भविष्य आहे, आशा आहे, असा त्याचा आशय. दहावीच्या मुलाच्या शुभेच्छापत्रावर, नव्या फ्लॅटच्या दारावर, दवाखान्यातल्या खाटेच्या उशाशी ते हमखास भेटतं. वचन खरंच आहे. त्याच्या लगेच आधीचं 10वं वचन मात्र मी अजून एकाही कॅलेंडरवर पाहिलेलं नाही. हे सगळं सत्तर वर्षांनी घडेल, असं त्यात म्हटलं आहे.

ही दोन्ही वचनं एका पत्रातली आहेत. इ.स.पू. 597च्या सुमारास बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमेचा राजा, सरदार, सुतार-लोहार अशी कर्तीसवरती माणसं बाबेलला नेली. मागे राहिलेल्या यिर्मया संदेष्ट्याने त्यांना पत्र धाडलं. घरं बांधून राहा, बागा लावा, मुलामुलींची लग्नं लावा, ज्या शहरात तुम्हांला बंदी करून नेलं त्याच शहराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. म्हणजे बांधून ठेवलेली बोचकी सोडा. हे पत्र ऐकणाऱ्या चाळिशीच्या माणसाने साधा हिशेब केला असणार : सत्तर वर्षांनी मी कुठे? भविष्य आणि आशा त्याच्या पदरात पडली ती नातवंडांच्या नावाने. पत्र सगळ्यांना रुचलं नाही हे सांगायला नकोच. शमाया नावाच्या एका निर्वासिताने यरुशलेमेच्या याजकाला उलट लिहिलं, की या वेड्याला तुम्ही खोड्यात का घालत नाही?

लोकांना हवं होतं ते हनन्या सांगत होता. तो गिबोनचा संदेष्टा. दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल, मंदिराची पात्रं परत येतील, नेलेली माणसंही परततील, असं त्याने भर मंदिरात जाहीर केलं. यिर्मयाचं त्यावरचं पहिलं उत्तर मला फार माणुसकीचं वाटतं. तो म्हणाला, आमेन, परमेश्वर तसं करो. त्यालाही तेच हवं होतं. आपल्याला जे हवं ते देवाने सांगितलेलं असेलच असं नाही, एवढंच त्याला ठाऊक होतं. बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर लाकडी जू घेतलं होतं, ते मग हनन्याने काढून मोडलं. जमलेल्यांना तो देखावा आवडला असणार. त्याच वर्षाच्या सातव्या महिन्यात हनन्या मेला. पुढे यरुशलेमेच्या नव्या राजाने, सिद्कीयाने, बाबेलविरुद्ध बंड केलं आणि इ.स.पू. 586च्या सुमारास शहर व मंदिर दोन्ही जळालं. बाबेलची सेवा करावी लागणार नाही असं राजाला सांगणारे संदेष्टे तेव्हा पुष्कळ होते.

हनन्याला आपण सहज लबाड म्हणून मोकळे होतो. पण त्याच्या बोलण्याला आधार नव्हता असं नाही. शंभरेक वर्षांपूर्वी, हिज्कीया राजाच्या काळात, अश्शूरी सैन्य यरुशलेमेच्या वेशीपाशी येऊन माघारी गेलं होतं आणि शहर राहील हे यशयाने आधीच सांगितलं होतं. त्याआधीची मिसरातली सुटका तर प्रत्येक घरात दर वल्हांडणाला सांगितली जाई. देव सोडवतो ही हनन्याची शिकवण शास्त्रातलीच होती. त्याच शास्त्रातली न्यायाची, पश्चात्तापाची, वाट पाहण्याची बाजू तेवढी त्याने गाळली. काढ्यातला गूळ चाटायचा आणि काढा ओतून द्यायचा, तशातला प्रकार. सोयीचा विश्वास उघड खोट्यावर क्वचितच उभा राहतो. तो खऱ्या वचनांचाच बनतो, म्हणून ओळखू येत नाही.

याची झळ सगळ्यांत आधी आजाऱ्याला लागते. विश्वास ठेव, बरा होशील, असं प्रार्थनासभेत सांगून लोक घरी जातात. तो बरा झाला तर व्यासपीठावरून साक्ष होते. नाही झाला तर त्याचाच विश्वास कमी पडला असा अर्थ निघतो. म्हणजे दुखणं त्याचं आणि दोषही त्याचाच. ईयोबाच्या मित्रांनी नेमकं हेच केलं होतं आणि शेवटी देवाचा राग भडकला तो त्या मित्रांवर. दोन वर्षांची हमी देणारा माणूस तिसऱ्या वर्षी हिशेब द्यायला येत नाही.

शिवाय गाळताना सोय कोणाची पाहिली जाते, हेही विचारायला हवं. 1807 साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या ब्रिटिश वसाहतींतल्या गुलामांसाठी निवडक बायबल छापलं गेलं. मूळ 1189 अध्यायांपैकी त्यात जेमतेम 232 अध्यायांतला मजकूर होता. मोशेने लोकांना मिसरातून काढल्याची कथा नाही. दास आणि स्वतंत्र हा भेद ख्रिस्तात उरत नाही, हे गलतीकरांस पत्रातलं वचन नाही. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावं, हे मात्र आहे. छापणाऱ्यांनी त्यात स्वतःचं एक अक्षर घातलं नव्हतं. आपण त्यांना नावं ठेवू, पण गलतीकरांतलं ते वचन आपल्या पुस्तकात छापलेलं असूनही गोव्याच्या ख्रिस्ती घरांत, धर्मांतराला चार शतकं उलटून गेली तरी, लग्न ठरवताना बामण, चारडो, सुदीर असा जातीचा विचार होतोच. पान फाडावं लागत नाही, उलटून पुढे गेलं की भागतं.

सोसलेल्या माणसांच्या हाती काय द्यावं, याचा वेगळा निर्णय आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी घेतला. केडगावच्या त्यांच्या मुक्तिसदनात दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली होत्या, घराबाहेर काढलेल्या विधवा होत्या. त्यांच्यासाठी धीराची चार वचनं निवडून दिली असती तरी कुणी बोल लावला नसता. रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल या बायकांना वाचता येईल अशा सोप्या मराठीत आणायला बसल्या. विलापगीत, ईयोब, यिर्मया, सगळं. 1921 साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई वारल्या. भाषांतर तोवर हातावेगळं झालं होतं. 1924 साली ते छापून प्रसिद्ध झालं. छपाई मुक्तिसदनाच्याच छापखान्यात झाली आणि तिथलं काम त्या बायका-मुलींनीच केलं.