आबासाहेब आणि पाण्याचा वाटा

28 डिसेंबर 2020 रोजी सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला स्थानकातून एक मालगाडी पश्चिम बंगालमधल्या शालिमारकडे निघाली. देशातली शंभरावी किसान रेल्वे म्हणून पंतप्रधानांनी दिल्लीत बसून तिला हिरवा झेंडा दाखवला. डब्यांत डाळिंबं, द्राक्षं, सीताफळं आणि भाजीपाला होता. ज्या तालुक्यातून पूर्वी माणसं पोटामागे बाहेर पडत, तिथून आता फळं बाहेर पडत होती. 1972 चा दुष्काळ पाहिलेल्या सांगोलेकराला ती बातमी खरी वाटायला जरा वेळच लागला असेल.

या बदलाचं कारण विचारलं की दोन उत्तरं तयार असतात, ठिबक आणि डाळिंब. दोन्ही बरोबर आहेत. पण त्यांच्याही आधीपासून या मुलखात एक प्रश्न घोळत होता: आलेलं पाणी नेमकं कुणाचं? तो सर्वांत जास्त काळ लावून धरणारे भाई गणपतराव देशमुख त्या डिसेंबरात हयात होते, नव्वदी ओलांडलेले. मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, सांगोल्यात वकिली करणारे गणपतराव 1962 साली पहिल्यांदा आमदार झाले. 1972 आणि 1995 चे पराभव वगळता 2019 पर्यंत ते निवडून येत राहिले. एकूण 11 वेळा, एकाच मतदारसंघातून आणि शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) एकाच लाल झेंड्याखाली. तालुक्यात त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे, सगळ्यांचे ते आबासाहेब.

त्यांच्यावरच्या प्रत्येक लेखात एसटीचा प्रवास हटकून येतो. आमदार असून एसटीनं हिंडायचे, दोनदा मंत्री होऊनही राहणी बदलली नाही, वगैरे. खोटं त्यात काही नाही, पण या कौतुकानं एक नुकसान केलं. माणूस साधा होता एवढंच लक्षात राहिलं आणि तो काय म्हणत होता ते बाजूला पडलं. त्यांचं म्हणणं शोधायचं तर एसटीच्या शिटावर नव्हे, पाणी परिषदांच्या ठरावांत शोधावं लागतं. आणि ते म्हणणं त्यांच्या एकट्याचं नव्हतं. बऱ्याच हातांनी, बऱ्याच वर्षांत ते घडत गेलं.

सुरुवात राजकारणातून झालीच नव्हती. 1933 साली सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र निघालं. पडेल तो पाऊस रानातच मुरवायचा, हा त्यामागचा विचार. उताराला आडवे बांध घालायचे, ज्वारीच्या दोन ओळींत अंतर वाढवायचं, कुळवाच्या पाळ्या घालून जमिनीच्या भेगा बुजवायच्या. मालदांडी ज्वारीचा निवडक वाणही याच काळात मोहोळच्या केंद्रावर पुढे आला आणि अजूनही रब्बीत पेरला जातो. जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या पट्ट्यात हे शहाणपणाचंच होतं. त्यात वाटणीचा सवाल मात्र उठत नव्हता. बांधात मुरलेलं पाणी बांध ज्याचा त्याचं. ज्याला बांधच नाही त्याचं नावही त्या हिशेबात नव्हतं.

तो माणूस हिशेबात आला 1972 च्या दुष्काळात. विहिरींचे तळ उघडे पडले आणि जमीनवाला, बिनजमीनवाला दोघंही एकाच खडीच्या ढिगावर येऊन बसले. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभरातल्या दुष्काळी कामांवरची हजेरी पन्नास लाखांच्या घरात गेली. अमेरिकेतून आलेला मिलो, म्हणजे लाल ज्वारी, आणि वाटपाची सुकडी खाऊन लोकांनी रस्ते केले, नाले बांधले, पाझर तलाव खोदले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी याच तापातून निघाली. 1977 साली तिचा कायदा झाला. विरोधी बाकांवरच्या शेकापनं, समाजवाद्यांनी आणि कम्युनिस्टांनी तिच्यासाठी सरकारला सतत टोचणी लावली होती. गणपतराव 1972 साली निवडणूक हरले होते. 1974 च्या पोटनिवडणुकीनं ते पुन्हा विधानसभेत आले.

रोजगार हमीनं माणसं जगवली. तिच्यातली गोम कळायला मात्र काही वर्षं जावी लागली. पाझर तलाव खोदणारी बाई भूमिहीन असायची आणि तलावाच्या खाली ज्याची विहीर, पाणी त्याला वाढायचं. मजुरी घेऊन ती मोकळी. तिच्या घामावर पुढची वीस वर्षं दुसऱ्याचा ऊस पिकणार. कायद्यानं कामाचा हक्क दिला, पण त्या कामातून निपजलेल्या पाण्यावर तिचा हक्क कुणी लिहिला नाही.

ही गोम पहिल्यांदा नीट पकडली ती सोलापूरपासून बरीच दूर, पुरंदर तालुक्यात. पुण्याचे अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे यांनी 1974 पासून नायगावात पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. नियम सोपे आणि कडक होते. पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, घरातल्या माणसांवर मिळणार. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली म्हणून पाण्याचा वाटा विकला जाणार नाही. पुढे 1980 च्या दशकात सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात बळवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी येरळा नदीवर बळीराजा धरण बांधलं. आपल्या नदीची वाळू विकून त्याचा काही पैसा उभा केला आणि पाणी भूमिहीनांसकट प्रत्येक घराला द्यायचं ठरवलं. चळवळीतले कार्यकर्ते डॉ. भारत पाटणकर त्या लढ्यात होते.

या दोन्ही गोष्टी शे-दोनशे घरांच्या. तालुक्याच्या तालुक्यांसाठी हाच हिशेब मांडायचा तर सरकार लागतं, आणि सरकार हलवायला राजकारण. 1993 साली आटपाडीला पाणी परिषद भरली ती त्यासाठीच. सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांतले तेरा दुष्काळी तालुके तिच्यामागे होते. पुढारी होते वाळव्याचे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, म्हणजे हिरव्यागार कृष्णाकाठचे, ऊसवाल्यांच्या मुलखातले. त्यांच्याबरोबर पाटणकर आणि गणपतराव. कृष्णेच्या पाणीवाटपावरच्या बच्छावत लवादानं महाराष्ट्राला दिलेलं 560 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी 2000 सालापर्यंत अडवायचं होतं, त्यामुळे घाई सगळ्यांनाच होती. 1996 मध्ये कृष्णा खोरे महामंडळ निघालं आणि कराडजवळ टेंभूला नदीचं पाणी उचलून दुष्काळी भागात न्यायची योजनाही मार्गी लागली.

आटपाडीची मागणी तेवढ्यावर थांबत नव्हती. ‘पाणी द्या’ ही मागणी तर जुनीच, प्रत्येक निवडणुकीत व्हायची. इथं म्हणणं असं होतं की पाणी पंपानं टप्प्याटप्प्यानं चढवून आणायचं, त्याचं वीजबिल सगळ्यांच्या खिशातून जायचं, तर ते कालव्याच्या कडेच्या चार बागायतदारांचं कसं होईल? घरटी वाटा ठरवा आणि तो बंद नळीनं पोचवा. नळीचा आग्रह पाणी जिरण्या-उडण्यापुरता नव्हता. उघड्या कालव्याला कुणीही रात्री मोटर लावतो, पुरलेल्या नळीला लावणं अवघड. यंत्र निवडतानाच वाटणीचा विचार करायचा, हे या चळवळीचं खरं डोकं. विधानसभेत साखर कारखान्यांच्या संचालकांची गर्दी असताना ही भाषा बोलणारा आमदार सांगोल्यातून जात होता, ही साधी गोष्ट नव्हे.

त्याच जिल्ह्यात उलटं चित्रही होतं. उजनी धरण 1980 साली पुरं झालं, साठा 117 टीएमसी. मृतसाठाच त्यातला निम्म्याहून अधिक. आणि तरी सोलापूर राज्यातला सर्वाधिक साखर कारखान्यांचा जिल्हा होऊन बसला. दुष्काळी म्हणून निधी मागायचा आणि उसासाठी आवर्तन मागायचं, दोन्ही एकाच अर्जात. 2021 च्या वसंतात पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरला उजनीतून पाच टीएमसी द्यायचा आदेश निघाला, तेव्हा जिल्हा पेटला आणि मे महिन्यात सरकारला तो मागे घ्यावा लागला. जिल्ह्याचं पाणी जिल्ह्यात राहिलं. जिल्ह्यातल्या कुणाच्या रानात, हे त्या आंदोलनात फारसं कुणी विचारलं नाही. गणपतरावांनी सांगोल्यात उभी केली ती मात्र शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी. सोलापूर शहरातली 1877 ची जुनी गिरणी बंद पडून बराच काळ लोटल्यावर कोरडवाहू तालुक्यात सूत निघू लागलं. सूतगिरणीच्या चात्या फिरवायला पाण्याची पाळी लागत नाही.

मग डाळिंब आलं. 1990 पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेनं लागवडीला अनुदान दिलं आणि माळरानं बदलली. हे झाड या मातीला मानवलं, कारण त्याला वेळेवर पाणी तोडावं लागतं. बहार धरायचा तर आधी ताण द्यायचा, पानगळ करून घ्यायची, छाटणी करायची आणि मगच ठिबक सोडायचं. दुष्काळ हीच ज्याची मशागत असं हे पीक. 2005 साली सोलापुरात डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आलं, 2016 मध्ये सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं. अजनाळ्यासारखी गावं बंगल्यांसाठी आणि शेततळ्यांसाठी गाजली.

शेततळं जवळून पाहण्यासारखं असतं. माळाच्या उंच अंगाला खड्डा, त्यात जाड प्लास्टिकचं अस्तर, भोवती तारेचं कुंपण. नाव शेततळं असलं तरी त्यात पावसाचं पाणी थोडंच. विहिरीचं आणि बोअरचं पाणी हिवाळ्यात उपसून भरून ठेवायचं आणि उन्हाळ्यात थेंबाथेंबानं बागेला द्यायचं. भूगर्भातलं सगळ्यांचं पाणी वर काढून कुंपणात घेतलं की ते एकाचं होतं. वर सूर्य आपला भाग घेऊन जातोच. ठिबकनं पाणी वाचतं हे खरं, पण वाचलेल्या पाण्यावर शेजारणीचा कोरडा आड भरत नाही, त्यावर आणखी एक एकर डाळिंब लागतं. 2009 च्या भूजल कायद्यानं खोल बोअरवर बंधनं घातली ती कागदावर. नदीच्या पाण्यासाठी तेरा तालुके उठले, बोअरच्या पाण्यासाठी एक गावही उठलं नाही. दोष एकट्या आबासाहेबांना देण्यात अर्थ नाही, पण सूटही देता येत नाही. त्यांना मतं देणाऱ्यांच्याच रानांत ही तळी होती, आणि आपल्याच मतदाराच्या बोअरला वाटा विचारणं कुठल्याही पक्षाला जमलेलं नाही.

बागांनीही पुढे दगा दिला. तेल्या आणि मर हे रोग होतेच, त्यात अवकाळी पाऊस वाढला आणि खोडाला सुईएवढी भोकं पाडणारा पिनहोल बोरर आला. 2021-22 च्या आसपास सांगोला, आटपाडी, मंगळवेढ्यात लोकांनी कर्ज काढून वाढवलेल्या बागा उपटून बांधावर पेटवल्या. किसान रेल्वेही अनुदान आटल्यावर थांबली. तळं बांधलेला शेतकरी निदान दुसरं काही लावू शकला. ज्यानं त्याच्याकडे फवारणीची आणि छाटणीची मजुरी केली, त्याला पुन्हा रोजगार हमीच्या मस्टरकडे पाहावं लागलं.

गणपतराव 30 जुलै 2021 रोजी गेले. त्याआधी 2019 ची निवडणूक त्यांनी वयामुळे लढवली नव्हती. उभ्या राहिलेल्या नातवाचा शहाजीबापू पाटलांनी हजारापेक्षा कमी मतांनी पराभव केला. याच शहाजीबापूंनी 1995 मध्ये खुद्द आबासाहेबांना हरवलं होतं. 2022 च्या जूनमध्ये शिवसेनेतल्या बंडाच्या वेळी गुवाहाटीच्या हॉटेलातून त्यांनी फोनवर केलेलं झाडी-डोंगराचं वर्णन महाराष्ट्रभर गाजलं. त्यावर हसणाऱ्यांना सांगोल्याचा माळ ठाऊक नसावा. तिथल्या माणसाला झाडी दिसली की तो बोलणारच. 2024 मध्ये दुसऱ्या नातवानं, बाबासाहेब देशमुखांनी, जागा शेकापकडे परत आणली.

टेंभूचं पाणी आता आवर्तनानं माण नदीत येतं आणि कोल्हापुरी बंधारे भरतात. सांगोला योजनेच्या शेपटाला आहे, म्हणून भांडण बहुतेक वेळा पाणी आलं की नाही एवढ्यावरच अडकतं. नदीकाठचा शेतकरी बंधाऱ्यावरून मोटर टाकतो आणि चार किलोमीटर आतलं आपलं तळं भरून घेतो. घरटी वाटा मोजताना हे पाणी कुणाच्या खात्यावर टाकायचं, ते आटपाडीच्या ठरावात सापडत नाही. 1993 साली प्लास्टिकच्या अस्तराची शेततळी या भागात फारशी आलीच नव्हती.