देता न येणारी वस्तू

गेल्या नाताळापूर्वीची गोष्ट. आमच्या शब्बाथशाळेच्या मोठ्या वर्गात बाईंनी मुलांना सांगितले होते की, यंदा बाजारातून भेटवस्तू आणू नका. आपल्याजवळची, आपल्याला खरोखर प्रिय असलेली एखादी वस्तू, ज्याच्याकडे ती नाही अशा मुलाला द्या. पुढच्या रविवारी कोणी क्रिकेटची बॅट आणली, कोणी रंगपेटी, कोणी गोष्टींची पुस्तके. तेरा वर्षांचा एक मुलगा मात्र रिकाम्या हातांनी आला. बाईंनी विचारले तेव्हा तो म्हणाला, "बाई, मला माझा सगळ्यांत आवडता गेम द्यायचा होता, पण तो देताच येत नाही." सारा वर्ग हसला. बाईंना ती सबब वाटली, आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही तसेच वाटले. पुढे त्याच्या घरी जाण्याचा योग आला, ते यंत्र पाहिले, त्याच्या वडिलांशी बोलणे झाले, तेव्हा कळले की मुलगा अक्षरशः खरे बोलत होता.

ज्या वाचकांच्या घरी असले यंत्र नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण दिले पाहिजे. टीव्हीला जोडून खेळायच्या या यंत्राला मुले कन्सोल म्हणतात. १९९०च्या दशकात आपल्या गावोगावी त्याचा साधा अवतार आला होता. ती जपानी यंत्राची नक्कल असे, आणि तीत प्लॅस्टिकची जाड कॅसेट खोचली की खेळ सुरू होई. आज चाळिशीत असलेल्यांना आठवत असेल की, कॅसेट चालेनाशी झाली म्हणजे तिच्यात फुंकर मारायची, आणि खेळून कंटाळा आला म्हणजे शेजारच्या मुलाशी तिची अदलाबदल करायची. (त्यांतल्या पुष्कळशा कॅसेटी मूळ कंपनीच्या परवानगीवाचून काढलेल्या होत्या हेही नमूद केलेले बरे; जुन्या दिवसांचे गोडवे गाताना आपण ते विसरतो.) पुढे कॅसेटच्या जागी डिस्क आली. आता डिस्कही मागे पडत चालली आहे. यंत्र इंटरनेटला जोडायचे, कंपनीचे दुकान पडद्यावर उघडायचे, 'विकत घ्या' अशा अर्थाचे बटण दाबायचे. वडिलांच्या कार्डातून पैसे जातात आणि खेळ यंत्रात उतरतो. तो त्या मुलाच्या खात्याशी बांधलेला असतो. तो विकता येत नाही, कोणाला बक्षीस देता येत नाही. सबंध खातेच दुसऱ्याच्या हवाली करावे म्हटले तर त्यालाही कराराने मनाई आहे. आमच्या या मुलाच्या खात्यावर अकरा खेळ होते. वडिलांनी आमच्यासमोरच हिशेब केला, तो तीस हजारांच्या वर गेला, आणि ते गृहस्थ थोडा वेळ गप्प बसले.

पैसे देऊन घेतलेली वस्तू जर दुसऱ्याला देता येत नसेल, तर ती आपली आहे असे म्हणता येईल काय?

हा प्रश्न पुस्तकांच्या बाबतीत शंभर वर्षांपूर्वीच न्यायालयात गेला होता. अमेरिकेतील बॉब्ज-मेरिल या प्रकाशनसंस्थेने 'द कास्टअवे' या कादंबरीत सूचना छापली होती की, हे पुस्तक एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकता येणार नाही. विकल्यास तो आमच्या हक्काचा भंग समजला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानाने ते खुशाल ८९ सेंटला विकायला काढले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९०८ साली न्यायालयाने निर्णय दिला तो असा की, ग्रंथाच्या प्रती काढण्याचा हक्क प्रकाशकाचाच आहे; परंतु एकदा त्याने एखादी प्रत विकली की त्या प्रतीच्या पुढच्या विक्रीवर त्याची सत्ता राहत नाही. हैदराबादेत अबिड्सच्या पदपथावर रविवारी भरणारा जुन्या पुस्तकांचा बाजार आमच्या कित्येक वाचकांनी पाहिला आहे. असल्या बाजारांच्या मुळाशी हीच साधी समजूत आहे. आमच्या शब्बाथशाळेच्या कपाटातील निम्म्याहून अधिक पुस्तकांवर पहिल्या पानावर कोणा ना कोणाची जुनी सही आहे, आणि ती पुस्तके आमच्याकडे कशी आली असे कोणत्याही प्रकाशकाने आजवर विचारलेले नाही.

आता खेळ तयार करणाऱ्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे, कारण तिच्यात तथ्य आहे. एक मोठा खेळ बनवायला शेकडो माणसे कित्येक वर्षे राबतात. पुस्तक हातोहात फिरले की त्याची पाने पिवळी पडतात, शिवण सुटते. डिस्क नीट सांभाळली तर दहावा खेळणारादेखील अगदी पहिल्यासारखाच खेळतो. परदेशांतील दुकानदार नव्या डिस्कशेजारीच वापरलेली डिस्क थोड्या कमी किमतीला मांडत, आणि तिचे सारे पैसे दुकानदाराच्या गल्ल्यात जात; ज्यांनी रात्रंदिवस खपून तो खेळ उभा केला त्यांना त्यातला छदामही मिळत नसे. कामकऱ्याच्या मजुरीचा प्रश्न आपण हलका मानू शकत नाही. यावर उपाय म्हणून २०१० साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने नव्या डिस्कबरोबर एकदाच वापरता येईल असा एक आकडा द्यायला सुरुवात केली. जुनी डिस्क घेणाऱ्याला खेळाचा काही भाग उघडण्यासाठी सुमारे दहा डॉलर वेगळे भरावे लागत. लोक फार चिडले, आणि २०१३ साली कंपनीने ती पद्धत बंद केली. जपानमध्ये तर जुने खेळ विकणाऱ्या दुकानांवर खेळ बनवणाऱ्या कंपन्यांनी फिर्यादीच केल्या होत्या. २००२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने दुकानांच्या बाजूने निकाल दिला.

परंतु आम्हांला विशेष वाटते ते जून २०१३ मध्ये घडलेल्या प्रकाराचे. मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सबॉक्स वन या नव्या यंत्राचे नियम त्या महिन्यात जाहीर केले. यंत्राने चोवीस तासांतून एकदा तरी इंटरनेटवरून कंपनीकडे हजेरी लावलीच पाहिजे, न लावल्यास खेळ बंद. डिस्कवरचा खेळ मित्राला देता येईल, पण तो मित्र निदान तीस दिवस आपल्या यादीत नोंदलेला असला पाहिजे, आणि एक खेळ एकदाच देता येईल. देण्याला सुद्धा कंपनीची परवानगी! काही दिवसांतच प्रतिस्पर्धी सोनी कंपनीने वीस-बावीस सेकंदांची एक चित्रफीत दाखवली. आमच्या यंत्रावरील खेळ मित्राला कसा द्यावा याचे ते 'प्रशिक्षण' होते. एका अधिकाऱ्याने डिस्कची डबी दुसऱ्याच्या हातात दिली, दुसऱ्याने आभार मानले, संपले. सभागृहात सोनीच्या घोषणेला टाळ्यांचा कडकडाट झाला. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने ते नियम मागे घेतले.

जगातील सामान्य गिऱ्हाइकांनी एवढ्या मोठ्या कंपनीला आठ-पंधरा दिवसांत माघार घ्यायला लावली, म्हणून त्या वेळी पुष्कळांना आनंद झाला. पण जे नियमाने करता आले नाही ते पुढे सोयीने झाले. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने डिस्कची खाचच नसलेले यंत्र काढले. २०२० साली सोनीनेही काढले. आपल्या देशात सोनीचे ते नवे यंत्र फेब्रुवारी २०२१ मध्ये आले, तेव्हा डिस्क चालणाऱ्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये होती आणि बिनडिस्कच्या यंत्राची ३९,९९०. ज्या बापाला दहा हजार रुपये ही मोठी रक्कम वाटते तो साहजिकच दुसरे यंत्र घेतो. त्यानंतर मात्र त्याला जुना खेळ कमी पैशांत घेता येत नाही, खेळून झालेला विकता येत नाही, मुलाच्या मित्राकडून चार दिवसांसाठी उसना आणता येत नाही. मोठे नवे खेळ पाच हजारांच्या घरात असतात. वाचवलेले दहा हजार परत द्यायला किती दिवस लागणार, हे सांगायला गणिताच्या मास्तरांची गरज नाही. वापरलेल्या वस्तूंचा बाजार हा गरिबांचा बाजार असतो. तो बंद झाल्याची झळ बंगल्यातल्या मुलाला लागत नाही.

काही वाचक म्हणतील की, कंपनी खेळ विकत नाही, खेळण्याचा परवाना देते, आणि तसे करारात लिहिलेले आहे. सिनेमाचे तिकीट आपण काढतो. चित्रपट पाहून झाल्यावर ते तिकीट दुसऱ्याला विकायला कोणी जातो काय? युक्तिवाद बरोबर आहे. भाड्याने देणे हे पाप नव्हे. पण मग बटणावर 'विकत घ्या' असे का लिहायचे? भाडेकरूकडून घराची पुरती किंमत घ्यायची, त्याला खरेदीखत केल्यासारखे भासवायचे, आणि खाली बारीक अक्षरांत लिहायचे की मालक सांगेल तेव्हा घर सोडावे, असे कोणी केले तर आपण त्याला काय म्हणू? यूबीसॉफ्ट कंपनीचा 'द क्रू' नावाचा मोटारशर्यतींचा खेळ २०१४ साली आला. लोकांनी तो पैसे मोजून घेतला. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने आपली यंत्रणा बंद केली आणि तो खेळ कोणालाच खेळता येईनासा झाला. ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांनाही. पुस्तकांच्या बाबतीतही हे घडले आहे. २००९ साली अमेझॉनने जॉर्ज ऑरवेल यांची दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली. ज्याने ती पुरवली त्याच्याकडे हक्क नव्हते हे कारण होते, पैसेही परत दिले, कंपनीच्या प्रमुखांनी क्षमाही मागितली. तरी रात्रीतून कोणी आपल्या घरात शिरून पुस्तक उचलून न्यावे आणि टेबलावर पैसे ठेवून जावे, असाच तो प्रकार होता. कॅलिफोर्निया राज्याने कायदा करून १ जानेवारी २०२५ पासून अशा विक्रेत्यांना बजावले की, परवानाच देत असाल तर गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगा. निदान शब्द तरी खरा असावा, एवढीच त्यातली मागणी आहे. फ्रान्समध्ये एका ग्राहकसंघटनेने याहून पुढे जाऊन पुनर्विक्रीचा हक्कच मागितला होता. २०१९ साली पॅरिसच्या न्यायालयाने तो मान्य केला, २०२२ साली वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला, आणि २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवलेला निकालच कायम केला.

शब्द खरा झाला तरी त्या तेरा वर्षांच्या मुलाची अडचण तशीच राहते, आणि आम्हांला तीच अधिक महत्त्वाची वाटते. आपण पुस्तक दुसऱ्याला देतो तेव्हा आपल्या फळीवर तेवढी जागा रिकामी होते. देण्यात आपले काही कमी होणे असते. म्हणून तर बाईंनी 'प्रिय वस्तू' असे म्हटले होते. खेळाची चोरून प्रत काढून मित्राला दिली तर देणाऱ्याचे काहीच कमी होत नाही, आणि बनवणाऱ्याचे होते. त्याला देणे म्हणता येणार नाही. म्हणजे आज मुलांसमोर दोनच वाटा उरल्या आहेत: आपल्यापुरते ठेवणे, नाहीतर चोरी. या दोहोंच्या मधली जी वाट, जिच्यावर आपण सगळे लहानपणी चाललो, 'तू घेऊन जा, मी वाचलेलं आहे' असे म्हणण्याची, ती त्यांच्यासाठी बुजवली गेली आहे. मुले स्वार्थी झाली अशी तक्रार आपण शिक्षकांच्या बैठकीत ऐकतो. त्यांच्या हातात आपण ज्या वस्तू देतो त्या कशा प्रकारच्या आहेत, हे मात्र पाहत नाही.

ही वाट तंत्राच्या अडचणीमुळे बुजली, असेही कोणी सांगू नये. निंटेंडो कंपनीने २०२५ साली अशी व्यवस्था केली की, डिजिटल खेळ आपल्या कुटुंबगटातील दुसऱ्याला दोन आठवड्यांसाठी उसना देता येतो, आणि तेवढे दिवस देणाऱ्याला तो खेळता येत नाही. अगदी पुस्तकासारखे! गट कुटुंबापुरताच आहे, शेजारी त्यात येत नाही, परक्या गरीब मुलाचा तर प्रश्नच नाही. पण एकाकडून काढून दुसऱ्याला देणे यंत्राला जमते, एवढे त्यावरून सिद्ध झाले. जे दोन आठवड्यांसाठी जमते ते कायमचे का जमू नये? फार तर प्रत्येक हस्तांतरात बनवणाऱ्यांना थोडी रक्कम मिळावी. जुन्या डिस्कच्या बाजाराविरुद्ध त्यांची जी रास्त तक्रार होती ती तेवढ्याने दूर होईल, आणि आम्ही ती रक्कम आनंदाने देऊ.

त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. ज्याला त्याने खेळ द्यायचे मनात धरले होते तो मुलगा आता दर शनिवारी दुपारी चार वाजता त्याच्या घरी येतो, आणि दोघे मिळून खेळतात. वडिलांनी त्यासाठी हातात धरायचे दुसरे यंत्र आणून दिले आहे. चहाबरोबर काही खायला असते. आम्ही त्या मुलाला म्हटले, हेही एक देणेच झाले की. तो म्हणाला, "हो, पण आम्ही एप्रिलमध्ये वडोदऱ्याला राहायला जाणार आहोत."